बोलेरो तीच, यादी बदलली: अंबाजोगाई ते माहूर मुक्कामी प्रवासाच्या तयारीचं एक प्रकरण

अंबाजोगाईचा माझा मावसभाऊ शाळेत शिक्षक आहे, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. घरी महिंद्रा बोलेरो, साधी, मागच्या चाकांवर चालणारी. नाताळच्या सुट्टीत नांदेड, भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट, उनकेश्वर करत माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला जायचं आणि जमेल तिथे तंबू ठोकून राहायचं, असा त्याचा बेत ठरला. सोबत वहिनी, दहा वर्षांचा मुलगा आणि मावशी. मावशीचं वय सदुसष्ट, गुडघे धरलेले, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू.

छत्रपती संभाजीनगरात मी भटकंतीचं सामान भाड्याने देतो, म्हणून दादा यादी घेऊन माझ्याकडे आला. यादीत गाडीच्या टपावरचा तंबू होता, त्यासाठी लोखंडी कॅरियर, पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी चरखी) आणि ती बसवायला जाड बंपर, डिक्कीत प्लायवूडचे ड्रॉवर, बारा व्होल्टचा फ्रिज, फ्रिजसाठी दुसरी बॅटरी, टपावर एलईडी लाइटची पट्टी आणि डिझेलचा जादा कॅन. यादीच्या वर अधोरेखित करून लिहिलेलं होतं: बोलेरो विकून फोर बाय फोर घ्यायची का?

चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीचा हा प्रश्न मराठवाड्यातले बरेच जण विचारतात. पाहिलेल्या व्हिडिओंमधल्या गाड्या लडाखच्या किंवा परदेशी वाळवंटातल्या असतात आणि सामानही तिथल्या गरजेचं असतं. आपल्याकडची जमीन, पाणी, काटे आणि शिवारातली माणसं यांचा हिशेब वेगळा आहे. दादाच्या गाडीच्या निमित्ताने तो हिशेब पुरता मांडून बघता आला, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

फोर बाय फोरचा प्रश्न

ज्या वाटांवर गाडी अडेल अशी भीती दादाला होती, त्या म्हणजे मुख्य रस्ता सोडून शेतापर्यंत जाणारे पाणंद रस्ते. त्यातले निम्मे मुरमाचे, निम्मे काळ्या मातीचे. मुरमावर बोलेरोला काही अडचण नाही. पोटाखाली सुमारे 180 मिमी जागा आहे, चाकं पंधरा इंची आहेत, मागे पाट्यांचं सस्पेन्शन आहे. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या खोल पडल्या असतील तर मधला उंचवटा पोटाला लागतो. तिथे एक चाक चाकोरीत आणि एक उंचवट्यावर ठेवून हळू जायचं, एवढं ज्याला जमतं त्याला कोरड्या दिवसांत अडायचं कारण नाही.

काळ्या मातीचं तसं नाही. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं, म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली झाली की ही माती टायरच्या खाचांत बसते आणि निघत नाही. दोन-चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, मग मडगार्डच्या आत माती दाटून चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी चार चाकांना ताकद मिळाली तरी चारही गुळगुळीत चाकंच फिरणार. वाळूत टायरची हवा कमी केल्याने फायदा होतो, तो इथे नावापुरता मिळतो. पेरणी-कोळपणीला शेतकरी जसा वाफसा, म्हणजे माती चिकटणार नाही इतपत सुकली का, ते बघतो, तसा गाडी घालतानाही वाफसाच बघावा लागतो.

फोर बाय फोर वाईट आहे असं माझं मुळीच म्हणणं नाही. नदीपात्रातली वाळू, सह्याद्रीतले सुटे दगड असलेले खडे चढ, हिमालयातले ओढे अशा ठिकाणी ती लागतेच. दादाच्या मनात मारुतीची जिम्नी होती. पोटाखाली 210 मिमी जागा, अवघड वाटांसाठी लो गिअर, वजन कमी, गाडी उत्तमच. पण मागची सीट उभी असताना तिच्या डिक्कीत 208 लिटर जागा राहते. चार माणसं बसल्यावर पाणी, अंथरुणं आणि स्वयंपाकघर ठेवायचं कुठे? टपावरच. वजन वर चढवायचं नाही, हेच तर आम्ही ठरवत होतो. म्हणून बोलेरो राहिली.

वजनकाट्यावर

यादीतल्या वस्तूंची वजनं आम्ही एका कागदावर मांडली. टपावरचा तंबू 60 किलो, कॅरियर 35, विंच आणि बंपर मिळून 60, ड्रॉवर 55, फ्रिज 18, बॅटरी 25. बेरीज 253 किलो. घरातल्या चार माणसांचं मिळून वजन 228. म्हणजे पाण्याचा एक थेंब आणि पिठाची एक मूठ गाडीत पडण्याआधी आणखी एक कुटुंब बसवल्यासारखं झालं असतं. त्यातले 95 किलो टपावर. उंच गाडीच्या टपावर एवढा भार असला की वळणावर ती झुकते, अचानक ब्रेक लागला की डोलते.

टपावरच्या तंबूला आणखी दोन अडचणी होत्या. शिडी चढून मावशी वर जाणार नाही, हे वहिनींनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. आणि दुकानातून साखर आणायची तरी आधी सगळा तंबू मिटवायचा, कारण घर आणि गाडी एकच. जाड बंपरचा विषय तर कायद्यानेच मिटला. गाडीच्या पुढे असले गार्ड बसवणाऱ्यांवर कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना डिसेंबर 2017 मध्ये कळवलेलं आहे. त्यातच, माळावर विंचचा दोर बांधायला झाड कुठे सापडणार?

ड्रॉवरऐवजी मोंढ्यातून टोमॅटोचे प्लास्टिक क्रेट आणले. मागच्या आडव्या बाका दुमडल्या, मधल्या जागेत क्रेटची रांग लावली आणि ट्रक बांधतात त्या रॅचेटच्या पट्ट्यांनी सगळं जमिनीशी आवळलं. क्रेटवर खडूने नावं: चूल, पीठ-मीठ, हत्यारं, दिवे. क्रेट उचलून सरळ तंबूपाशी नेता येतो, ही सोय ड्रॉवरमध्ये मिळत नाही.

मग गाडी पूर्ण भरून, चौघांना बसवून, जिनिंगच्या वजनकाट्यावर नेली. हे काम प्रत्येकाने एकदा करावं; काट्यावर फार पैसे लागत नाहीत आणि अंदाजाने बोलणं थांबतं. आधी पूर्ण गाडी: 2,070 किलो. मग फक्त मागची चाकं काट्यावर: 1,180. काटेवाल्याने चिठ्ठी हातात देत विचारलं, "मागं काय सिमेंट भरलंय का?" पाण्याचे कॅन, गॅस आणि हत्यारांचा क्रेट दारापाशी ठेवला होता. ते सगळं पुढे सरकवून मधल्या सीटच्या पाठीला टेकवलं आणि पुन्हा तोललं, तर मागची चाकं 1,150 वर आली. एकूण वजन तेवढंच, पण स्टेअरिंगला हलकेपणा जाणवत होता तो गेला. चॅसीवरच्या पाटीवर कमाल भाराचा आकडा असतो, आमची बेरीज त्याच्या बरीच आत होती. मेकॅनिकने मागे एक पाटा वाढवायचा सल्ला दिला, तो घेतला नाही. वर्षातले बाकीचे सगळे दिवस गाडी रिकामीच शाळेत जाते-येते, तेव्हा तो जादा पाटा मावशीच्या कमरेला बसला असता.

पाणी

सामानातली सगळ्यात जड आणि सगळ्यात महत्त्वाची वस्तू पाणी. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. गावात गेलं की मिळेल, या भरवशावर हिवाळ्यातही राहू नये. पाहुण्याने एखाद्याच्या बोअरचं पाणी गृहीत धरणं बरं दिसत नाही. माणशी रोजचे दहा लिटर धरले, त्यात पिणं, रांधणं, भांडी आणि हातपाय धुणं आलं. चौघांचे दोन दिवसांचे 80 लिटर, म्हणजे 80 किलो. आरओच्या पाण्याचे जार घेतले नाहीत, त्यांची झाकणं खडबडीत वाटेवर सुटतात. तोटीचे, स्क्रूच्या झाकणाचे 20 लिटरचे चार कॅन घेतले. चार वेगळे असण्याचा फायदा असा की एक फुटला किंवा खराब पाण्याने भरला गेला तरी तीन उरतात.

मावशीची गरज

फ्रिज यादीत का होता, ते मी विचारलं तेव्हा कळलं. इन्सुलिनसाठी. कारण महत्त्वाचं होतं, म्हणून नुसता "नको" म्हणून विषय संपवला नाही. बंद कुपी 2 ते 8 अंशांत ठेवायची असते, पण वापरायला काढलेलं पेन बहुतेक प्रकारांत 30 अंशांच्या खाली सुमारे चार आठवडे चालतं. दादाने डॉक्टरांना आपल्या औषधाचं नाव सांगून खात्री करून घेतली. डिसेंबरात सावलीतलं तापमान अडचणीचं नव्हतं, अडचण होती उन्हात बंद उभ्या गाडीची. म्हणून पेन आणि एक जादा पेन, दोन्ही पाण्यात भिजवून वापरायच्या थंडाव्याच्या पिशवीत ठेवून मावशीच्या झोळीत गेली. औषध माणसाबरोबर राहील, गाडीत राहणार नाही, असा नियमच केला. एप्रिल-मेमध्ये हाच प्रवास असता तर मी स्वतः फ्रिज घ्यायला सांगितला असता, आणि दुसरी बॅटरीसुद्धा.

दुसरी गरज कुणाच्याच यादीत नव्हती. वहिनींनी ती जेवताना काढली: "सकाळी आम्ही जायचं कुठं? आईंना उकिडवं बसता येत नाही." पुरुष याद्या करतात तेव्हा हा प्रश्न राहून जातो आणि मग घरातल्या बायका एकदा येऊन पुन्हा येत नाहीत. औषधांच्या दुकानात मिळते ती घडीची कमोड खुर्ची घेतली, आणि कपडे बदलायचा उभा तंबू, जो पिशवीतून काढताच उघडतो. दोन्ही मिळून आठ किलो. खुर्चीखाली वीतभर खोल खड्डा, पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, वापर झाला की माती लोटायची. या सगळ्या सामानात मला एकच वस्तू निवडायला सांगितली तर मी ही खुर्ची निवडीन. तिच्यामुळे मावशी आली.

तंबू, अंथरूण आणि खुंट्या

अंबाजोगाईजवळ दादाच्याच शेतात एक रात्र रंगीत तालीम केली. मीही होतो. दोन साधे घुमटाकार तंबू होते, आतली जाळी आणि बाहेरचं आवरण वेगळं असलेले. बाजारात एकेरी कापडाचे स्वस्त तंबू मिळतात, त्यांत पहाटे श्वासाची वाफ आतून ठिबकते. उंची मात्र बघून घेतली, मावशीला रांगत आत जावं लागू नये.

तंबूबरोबर येणाऱ्या बारीक तारेच्या खुंट्या मुरमात दोन ठोक्यांत वाकल्या. काळ्या मातीत त्या सहज जातात, पण भेग लागली की तेवढ्याच सहज निघतात. दुसऱ्या दिवशी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून दहा मिमी सळईच्या हातभर खुंट्या करून घेतल्या, एक टोक घासून अणकुचीदार, दुसरं आकड्यासारखं वळवलेलं. दुकानातल्या कुठल्याही खुंटीपेक्षा माळावर या चांगल्या. दोन किलो वजन वाढलं, ते आनंदाने घेतलं.

हवेची गादी परत केली. बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा ताडपत्रीतून वर येतो, आणि मध्यरात्री गादी जमिनीला लागते. त्याऐवजी बंद पेशींच्या फोमच्या जाड चटया खाली, वर घरच्या वाकळी. मराठवाड्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहाच्या खाली जातो, परभणीच्या बाजूला त्याहून बराच खाली. थंडी अंगाखालून जास्त लागते, कारण अंगाखाली दबलेला कापूस ऊब धरत नाही. म्हणून पांघरूण वाढवण्याआधी चटई जाड करावी. स्लीपिंग बॅग फक्त मुलासाठी घेतली. तिच्यावर दोन आकडे असतात, एक आरामाचा आणि एक कसाबसा तग धरण्याचा. खरेदी करताना आरामाचाच आकडा वाचायचा, दुकानदार दुसरा दाखवतो. मावशीसाठी घडीची खाट, तीही फोम टाकून, नाहीतर खालून वारा लागतो.

स्वयंपाकाचं फार लांबवत नाही. बुटेनचे छोटे डबे थंडीत दम सोडतात, कारण बुटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं थांबतं. पाच किलोचा घरगुती गॅस आणि एक बर्नरची शेगडी ठीक चालली. सिलिंडर उभा बांधायचा, तंबूत कधीही पेटवायचं नाही. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि दशम्या यांच्यामुळे पहिले दोन दिवस चूल फक्त चहापुरती लागली. शेकोटी नाही, हे आधीच ठरलं. त्या दिवसांत कडबा, कापूस, वाळलेलं गवत सगळं उघड्यावर असतं. एक ठिणगी म्हणजे कुणाचं तरी वर्ष.

लाइटची पट्टी गेली, कारण रात्री गाडी चालवायचीच नाही असं ठरलं. ऊस गाळपाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेले, मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. सूर्य मावळायच्या आत मुक्काम. डिझेलचा कॅनही गेला: 60 लिटरची टाकी, लिटरला बारा-तेरा धरले तरी सातशे किलोमीटर.

अडकलोच तर

विंचच्या जागी आलं ते असं: फावडं, ओढायचा जाड नायलॉन पट्टा, पट्टा अडकवायच्या दोन लोखंडी कड्या (शॅकल), जॅकखाली टाकायला फूटभर लांबीची जाड फळी, ट्यूबलेस पंक्चरचं किट आणि बारा व्होल्टचा हवेचा पंप. फळीशिवाय काळ्या मातीत जॅक गाडीला वर नेत नाही, स्वतःच खाली जातो. पंक्चर काढायचा सराव दादाने जुन्या टायरवर केला. काटा उपटण्याआधी दोरी सुईत ओवून ठेवायची, हे हाताला बसलेलं असावं. स्टेपनीत हवा निम्मीच होती. बहुतेक गाड्यांत तशीच असते.

शिवारात ट्रॅक्टर नेहमीच मिळतो, आणि मदतीला कुणी नाही म्हणत नाही. पण ट्रॅक्टरवाला साखळी किंवा तारेचा दोर आणतो आणि झटका देऊन ओढतो. साखळी तुटली तर काचेतून आत येते. म्हणून आपला पट्टा, चॅसीच्या हुकालाच बांधलेला, वर एक जाड पोतं टाकलेलं, आणि बघ्यांना दोराच्या दुप्पट अंतरावर उभं करायचं. बंपरला किंवा ॲक्सलला कधी बांधायचं नाही.

सहस्रकुंडजवळचा पाऊस

मी पुढच्या प्रवासात नव्हतो. हे दादाच्या वहीतून आणि वहिनींच्या बोलण्यातून. पहिली रात्र भोकरजवळ ओळखीच्या शेतात गेली. दुसऱ्या रात्री सहस्रकुंडजवळ. धबधब्याखालच्या पात्रात सपाट खडक बघून दादाला तिथेच तंबू टाकावासा वाटला होता, पण आमचं आधी बोलणं झालेलं होतं: वर पैनगंगेवर इसापूर धरण आहे, पाणी सोडलं तर नदी पावसाशिवाय चढते. जंगलातही राहायचं नाही. अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही. म्हणून गावात विचारून एका शेतकऱ्याच्या मुरमाड तुकड्यावर तंबू ठोकले. त्याला दादाने दोन गोष्टी विचारल्या. कुंपणाला रानडुकरांसाठी झटका मशीन लावलंय का, आणि रात्री कुठल्या बाजूला जायचं नाही. झटका मशीन होतं. मुलाला दिवसाउजेडी ती तार दाखवून आणली.

पहाटे अवकाळी पाऊस आला, तासभर, चांगला जोराचा. सळईच्या खुंट्या हलल्या नाहीत. तंबू कोरडे राहिले. पण मुरमाचा तुकडा आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये दोनेकशे मीटर काळ्या मातीची पाणंद होती. सकाळी दादा चावी घेऊन निघाला, तेव्हा शेतकरी बांधावरूनच म्हणाला, "सर, आज गाडी काढू नका. चाकाला माती धरली की ट्रॅक्टर बी जागचा हलत नाही. उद्या दुपारपर्यंत वाफसा येतो, मग खुशाल जा."

राहिले. पाणी होतं, पीठ होतं, औषध मावशीच्या झोळीत होतं, खुर्ची होती. दुपारी कुणाची तरी मोठी फोर बाय फोर गाडी त्याच पाणंदीत शिरली आणि शंभर पावलांत मडगार्डपर्यंत माती दाटून उभी राहिली. दादाने फावडं दिलं, मुलाने काठीने चाकांमधली माती खरवडली. ती गाडीही दुसऱ्या दिवशीच बोलेरोच्या पाठोपाठ निघाली. जादा मुक्कामाचे पैसे शेतकऱ्याने घेतले नाहीत. मावशीने त्याच्या घरी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला आणि त्यांच्याकडून हरभऱ्याचे डहाळे आले.

पुढे उनकेश्वरच्या गरम कुंडाच्या पाण्याने सगळ्यांच्या आंघोळी झाल्या आणि माहूरला भक्तनिवासात पक्क्या छताखाली एक रात्र काढली. तीही ठरवूनच. ओली कापडं वाळवायला आणि मावशीच्या गुडघ्यांना सलग तंबू सोसत नाही.

परतल्यावर

तपासणीत मागच्या उजव्या टायरमध्ये मोडलेला काटा निघाला, हवा मात्र गेली नव्हती. टायरच्या खाचा झिजत आल्या आहेत. पाडव्याला चारही बदलायचे आहेत, त्याच मापाचे, पण बाजूची भिंत जाड असलेले. मोठ्या मापाचे टायर घालायला मी मना केलं आहे: ॲव्हरेज घटतं, स्पीडोमीटर चुकतो आणि स्टेपनी वेगळीच राहते. फावड्याचा दांडा आखूड पडला, लांब दांड्याचं घ्यायचं. पाण्याचा एक कॅन भरलेलाच परत आला, तरी चारच ठेवायचे. वहिनींनी यादीत एक वस्तू स्वतःहून वाढवली आहे: तंबूच्या दारासमोर टाकायला जुनं गोणपाट, कारण ओली काळी माती चपलांबरोबर आत येते आणि वाकळीवर गेली की धुऊनही निघत नाही.